चादरीत गुंडाळलेलं धनुष्य

चेंचोच्या संघाचा कप्तान आप लेथो ('आप' हा आमच्याकडचा वडीलधाऱ्यांचा मान) मोठा तिरंदाज होता, आणि मोठ्या माणसांची एक खोडही त्याला होती. ज्याला बोलायचं त्याचं नाव न घेता तो बोलायचा. सामन्याच्या आठवडाभर आधी सगळा संघ जेवायला बसला असताना त्याने मिरची-चीजच्या रश्शात भात कालवत जाहीर केलं, "या वेळी ज्याचा एकही बाण फळीला लागणार नाही, तो पुढच्या मोसमात धनुष्य धरणार नाही. चहाची किटली धरेल. मग तो कुणीही असो." 'कुणीही असो' म्हणताना तो भाताकडे बघत होता. बाकीचे नऊ जण चेंचोकडे बघत होते.

गेले दोन मोसम चेंचोचा एकही बाण फळीला लागला नव्हता. फळी कमरेएवढी उंच, सव्वा वीत रुंद, आणि उभी असते एकशेचाळीस मीटरवर. एवढ्या अंतरावरून नेम चुकला तर त्यात लाजण्यासारखं काही नाही, असं चेंचोचं मत होतं. पण हे मत संघात फक्त त्याचंच होतं. आणि किटलीचं म्हणाल तर चहा करण्यात कमीपणा काही नाही, पण चाळिशी उलटलेल्या माणसाने, ज्याचा बाप आणि आजा दोघे गावचे तिरंदाज होते, त्याने मैदानाच्या कडेला लोण्याचा खारट चहा घुसळत बसायचं आणि समोर पोरंसोरं कमरेला रंगीत पट्टे खोचून नाचताहेत ते बघायचं, हे त्याला सहन होणारं नव्हतं. एका निशाण्याला कमरेला एक पट्टा मिळतो. बापाचे एकोणीस पट्टे घरच्या देव्हाऱ्याखालच्या पेटीत घडी घालून ठेवले होते. चेंचोचे स्वतःचे दोन होते, आणि त्यातला एक वाऱ्यामुळे मिळाला असं लेथो म्हणायचा.

सामना शनिवारी, पुनाखाच्या खोऱ्यातल्या चांगरीखा गावात. संघ शुक्रवारी दुपारीच पिकअपमधून निघून गेला, कारण सामन्याच्या आदल्या रात्री तिरंदाजांनी बायकांपासून दूर, एकत्र झोपायचं असतं. चेंचो मात्र थिम्फूच्या एका कचेरीत अठरा वर्षं कारकून होता, आणि त्याच्या साहेबांना त्याच शुक्रवारी, दुपारी तीन वाजता, एका सात वर्षं जुन्या फायलीची आठवण झाली. फाईल सापडेपर्यंत पिकअप घाट चढून गेली होती. आता उरली सकाळची बस.

बसने धनुष्य न्यायचं हे ऐकून बायको देमने फक्त भुवया उंचावल्या. पण चेंचो उशी घेऊन रात्रीपुरता शेजारी झोपायला निघाला तेव्हा तिला राहवलं नाही.

"दोन वर्षं बाहेर झोपून काही लागलं नाही," ती म्हणाली. "एकदा घरी झोपून बघा."

चेंचोने उशी काखेत मारली. परंपरेवर बायकोशी वाद घालू नये, हीसुद्धा परंपराच आहे.

शेजारचे आप काडो टपालखात्यातून निवृत्त झालेले, त्यामुळे कुठली वस्तू कशी बांधावी याविषयी त्यांचा शब्द शेवटचा. बांबूचं धनुष्य दोरी उतरवून त्यांच्या समोर ठेवलं तेव्हा त्यांनी चष्मा लावून ते एखाद्या बेवारस पार्सलसारखं फिरवून पाहिलं. बसमध्ये बायका असणार, म्हणाले. शनिवारी तर भाजीबाजाराच्या बायका. एकीचा जरी हात लागला तरी धनुष्याचं तेज गेलं. म्हणून ते कापडात गुंडाळायला हवं, जाड आणि स्वच्छ कापडात, आणि वरून सात गाठी. त्यांनी स्वतःची पांढरी चादर दिली, गाठी स्वतः मारल्या, आणि पत्ता कुठे लिहू असंही विचारलं. बाण लांबट पिशवीत होते, पण लोखंडी टोकं बघून कंडक्टर हटकणार हे नक्की, तेव्हा ते घोच्या आत पाठीला बांधावेत, असाही सल्ला त्यांनी दिला. आमचा पुरुषांचा घो अंगरखाच असतो, पट्ट्याच्या वर त्यात अर्धं घर मावतं. सल्ला चांगला होता. फक्त तो देणाऱ्याला बसमध्ये बसायचं नव्हतं.

शिवाय ज्योतिषी होताच. संघाच्या ज्योतिष्याने प्रत्येकाला निघायची दिशा काढून दिली होती आणि चेंचोची दिशा निघाली उत्तर. बसचा तळ दक्षिणेला. एखाद्या अविचारी माणसाने अंगणात उत्तरेकडे चार पावलं टाकून गाडी वळवली असती. पण चेंचो कारकून होता. नियम अर्धा पाळणं त्याला जमत नसे. तो पाठीला बाण बांधून, खांद्यावर पांढरी चादर घेऊन सकाळी उत्तरेकडे निघाला आणि चांगला पाऊण मैल जाऊन, दिशेचं समाधान झालं असं वाटल्यावर, नदीकाठाने वळसा घालून दक्षिणेला आला. तळावर पोचला तेव्हा बस घुरघुरत होती आणि एकच जागा शिल्लक होती. मागच्या लांब बाकावर, मधोमध, एका म्हाताऱ्या आजीच्या शेजारी.

कंडक्टरने चादरीकडे बघितलं. एवढं लांबडं आत चालणार नाही, टपावर टाका, म्हणाला. टपावर कोबीची पोती होती, एक लोखंडी पलंग होता आणि त्या पलंगाला बांधलेल्या तीन कोंबड्या होत्या. धनुष्य कोंबड्यांखाली जाणार या कल्पनेनेच चेंचो दोन पावलं मागे सरला. तो चादर छातीशी धरून नुसता उभा राहिला.

तेव्हा ती आजी बोलली. तिच्या हातात प्रार्थनाचक्र होतं आणि ते फिरवायचं न थांबवता ती कंडक्टरला म्हणाली, "अरे, तुला डोळे आहेत का? पांढऱ्यात गुंडाळलेलं आहे. मेलेल्याच्या झेंड्याची काठी तू कोबीवर टाकणार?"

बसमधली बडबड एकदम थांबली. आमच्याकडे माणूस गेला की त्याच्या नावाने डोंगरावर पांढरे झेंडे उभारतात, आणि त्यांच्या काठीला कुणी वेडंवाकडं ठेवत नाही. कंडक्टरने जीभ चावली. पुढच्या बाकांवरच्या भाजीवाल्यांनी पाय जवळ घेतले, टोपल्या ओढल्या, पदर सावरावा तशा बाह्या सावरल्या, आणि चेंचोला मागपर्यंत अशी वाट मिळाली की कुणाच्या बोटाचं टोकही चादरीला लागलं नाही.

इथे चेंचोने खरं सांगायला हवं होतं. सांगणारही होता. तोंड उघडलं होतं त्याने. पण सबंध बसभर बायका चादरीपासून दोन हात लांब बसल्या होत्या, आणि सात गाठींनी जे साधलं नसतं ते एका गैरसमजाने साधलं होतं. त्याने तोंड मिटलं आणि मान खाली घातली. पाठीला दहा बाण असल्यामुळे त्याला टेकता येत नव्हतं. तो ताठ, हालचाल न करता, डोळे समोर लावून बसला. लोकांना त्याच्या दुःखाची फार कीव आली.

"कोण गेलं, बाबा?" आजीने विचारलं. तिचं नाव झाम होतं, पण सगळी बस तिला आंगे, म्हणजे आजीच म्हणत होती.

"नात्यातले," चेंचो म्हणाला.

"नाव?"

"नाव कशाला, आंगे?"

"मग प्रार्थना काय हवेत सोडू? टपालाला सुद्धा नाव लागतं."

चेंचोने डोक्यात नाव शोधलं. जिवंत नातेवाइकाचं घ्यायला मन धजेना. काकाचं नको, तो आजारी आहे. मामाचं नको, तो ऐकेल. आणि आठवडाभर डोक्यात एकच माणूस ठाण मांडून बसलेला असेल तर ऐनवेळी तोच बाहेर येतो.

"लेथो," चेंचोच्या तोंडून गेलं. "आप लेथो."

आंगे झामने मान हलवली, डोळे मिटले आणि लेथोच्या आत्म्याला पुढची वाट सुखाची व्हावी म्हणून चक्र फिरवायला लागली. ही बाई अर्धवट काम करणारी नव्हती. घाट लागला, वळणं आली, दोन जणांना उलट्या झाल्या, एक कोंबडी टपावरून खिडकीत लोंबायला लागली, पण तिचं चक्र चालू होतं. मधूनच ती इतरांना सांगायची, "म्हणा रे, लेथोच्या नावाने एकदा," आणि अख्खी बस म्हणायची. चेंचोलाही म्हणावं लागलं. तो हळू म्हणाला, पण म्हणाला.

खिंडीजवळच्या एका वळणावर बस अशी कलंडली की चादरीचं एक टोक वर उडालं. चेंचो सावरेपर्यंत आंगेने ते दोन्ही हातांनी झेललं आणि आडवं आपल्या मांडीवर घेतलं.

"राहू दे," ती म्हणाली. "तू थकलायस. माझ्या मांडीवर त्याला धक्का लागणार नाही."

बोट नव्हे, हात नव्हे, सबंध मांडी, आणि तीही दीड तास. चेंचोने एकदा हात पुढे केला, पण आंगेने तो थोपटून परत पाठवला. आता ओढून घ्यावं तर मेलेल्याचा अपमान, आणि राहू द्यावं तर किटली. खिडकीबाहेर बघत त्याने मनातल्या मनात चहात मीठ किती घालतात ते आठवायला सुरुवात केली.

पण खरा घोळ वनखात्याच्या नाक्यावर झाला. नाक्यावरचा तरुण कारकून बसमध्ये चढला, त्याने काठी पाहिली आणि परवाना मागितला. झेंड्याच्या काठीसाठी झाड तोडायला परवाना लागतो, हा नियम चेंचोलाही ठाऊक होता. हे धनुष्य आहे एवढं म्हटलं असतं तर प्रकरण संपलं असतं. पण तीस माणसं त्याच्या लेथोसाठी तीन डोंगर प्रार्थना म्हणत आली होती, आणि त्यातल्या सात-आठ बायकांच्या हातात भाजी चिरायचे विळे होते.

उलट बसच त्या पोरावर तुटून पडली. घरात माणूस मेलाय आणि तुला कागद सुचतो, म्हणाली. त्याने बिचाऱ्याने मागे सरत एक वाट काढली. परवाना नसला तरी चालेल, एक प्रतिज्ञापत्र भरून द्या, मी शिक्का मारतो.

त्याने छापील नमुना पुढे केला, आणि चेंचोच्या हातात पेन आलं. अठरा वर्षं ज्या माणसाने रिकामा रकाना बघितला की अर्ज परत पाठवला, त्याच्यासमोर रिकामे रकाने ठेवणं म्हणजे भुकेल्यापुढे ताट ठेवणं. मृताचं नाव: लेथो. वय: त्रेपन्न. गाव, तालुका, सगळं बरोबर. मृत्यूचं कारण: अचानक. व्यवसाय या रकान्यापाशी तो क्षणभर थांबला, आणि मग वळणदार अक्षरात लिहिलं, 'तिरंदाज संघाचा कप्तान'. अर्ज इतका नीट भरलेला पाहून त्या तरुण कारकुनाच्या डोळ्यांत आदर आला. त्याने शिक्का मारला, मूळ प्रत ठेवली आणि दुसरी चेंचोच्या हातात दिली. चेंचोने ती घोच्या खिशात पानाच्या पुडीजवळ ठेवली. कागद फाडून टाकावा हे त्याला सुचलंच नाही. शिक्का असलेला कागद त्याने आयुष्यात कधी फाडला नव्हता.

चांगरीखाला उतरला तर मागोमाग आंगे झामही उतरली. तिच्या नातवाचा संघच चेंचोच्या संघाविरुद्ध खेळणार होता. "तू घरी जाऊन दुःख कर," ती म्हणाली. "मी सामना बघून येते आणि मग लेथोच्या दारी दिवे लावते." चेंचोने होकार दिला, एका गोठ्यामागे जाऊन सात गाठी सोडवल्या आणि दुसऱ्या वाटेने मैदानावर पोचला.

आप लेथोने त्याला नखशिखान्त न्याहाळलं. "आलास? धनुष्य शुद्ध आहे ना?" चेंचो हो म्हणाला. सकाळपासूनचं हे कितवं खोटं, हे मोजायचं त्याने आता सोडून दिलं होतं.

त्यानंतर आंगे मैदानावर आली. आमच्या सामन्यांत प्रत्येक बाजूच्या बायका कडेला रांगेने नाचतात आणि समोरच्या तिरंदाजांची नावं घेऊन खोड्या काढणारी गाणी म्हणतात. नेम चुकावा म्हणून सगळं चालतं, टक्कल, पोट, सासू, काहीही. चेंचो फळीसमोर उभा राहिला. आंगेने डोळे बारीक केले. आधी माणूस ओळखला, मग लांबडी वस्तू ओळखली. ती रांगेतल्या बायकांच्या कानाला लागली, आणि बायकांनी तिथल्या तिथे गाणं रचलं.

"काठी आली बसने गं, चादर पांघरून. कोण मेलं, कोण मेलं? याचा नेम मेला गं."

सगळं मैदान हसलं. चेंचोचे कान तापले. पण त्याच वेळी त्याला मनातून फार हलकंही वाटलं, कारण आता लपवायला काही उरलं नव्हतं आणि वाचवायलाही नव्हतं. धनुष्य बाटलं होतं, अब्रू गेली होती, किटली ठरलेली होती. दोन वर्षं तो दोरी ओढताना बापाचा विचार करायचा, लेथोचा करायचा, वाऱ्याचा करायचा. आज त्याने कशाचाच विचार केला नाही. बाण सुटला आणि पलीकडे फळीवर खट्ट आवाज झाला.

नाचायचं असतं हे संघाच्या लक्षात यायलाच थोडा वेळ लागला. कमरेला निळा पट्टा खोचला गेला. दुपारी दुसरा खोचला गेला, पिवळा.

आणि आप लेथोचा एकही बाण लागेना. पहिल्या फेरीत त्याने वाऱ्याला दोष दिला, दुसरीत दोरीला, चौथीत ज्योतिष्याला. जेवणानंतर त्याने दोष देणंही बंद केलं. ऊन कलेपर्यंत फळीभोवतालच्या मातीत त्याचे बाण पेरल्यासारखे उभे राहिले. शेवटच्या फेरीत चेंचोने त्याला धीर द्यावा म्हणून खिशातून पानाची पुडी काढली, आणि पुडीबरोबर तो शिक्क्याचा कागद बाहेर येऊन लेथोच्या पायाशी पडला.

लेथोने तो वाचला. मग पुन्हा वाचला. मृताचं नाव, वय, गाव, व्यवसाय.

"हे काय आहे?" त्याचा आवाज अगदी खाली गेला होता.

चेंचोने सगळं सांगितलं. उत्तर दिशेपासून मांडीपर्यंत आणि शिक्क्यापर्यंत, काहीही न गाळता. लेथो रागावेल असं त्याला वाटलं होतं, पण लेथोचा चेहरा पांढरा पडला. तो तडक बायकांच्या रांगेकडे गेला आणि आंगे झामसमोर हात जोडून उभा राहिला.

"आंगे, तो लेथो मी आहे. मी जिवंत आहे."

"दिसतंय मला," आंगे म्हणाली.

"मग ते परत घ्या. सकाळपासून माझा एक बाण लागला नाही. तुम्ही मला पुढे लावून दिलंय."

आंगेने चक्राकडे पाहिलं. "बाबा, थिम्फूपासून इथपर्यंत फिरवलंय, अख्ख्या बसने मिळून. चक्र उलटं फिरवता येत नाही, पाप लागतं. आणि चांगलंच मागितलंय मी तुझ्यासाठी. पुढचा जन्म बघ तू." मग तिला जरा दया आली असावी. "तो कागद मात्र चक्र नाही," ती म्हणाली. "तो माणसाने केलाय, माणूस फिरवू शकतो."

संघ दोन गुणांनी हरला. ते दोन गुण कुणामुळे गेले, हे कुणाला विचारावं लागलं नाही. परतीच्या पिकअपमध्ये लेथो पुढच्या सीटवर मांडीवर कागद घेऊन बसला होता, आणि चेंचो मागे दोन पट्टे कमरेला लावून धनुष्य उघड्यावर धरून बसला होता. आठवड्यापूर्वीच्या किटलीच्या नियमाचा विषय कुणीच काढला नाही. सगळ्यांना तो पाठ होता.

नाक्यावर लेथोने गाडी थांबवायला लावली. तरुण कारकुनाने मूळ प्रत काढली, माणसाकडे पाहिलं, कागदाकडे पाहिलं आणि अडचण सांगितली. मृत व्यक्तीला स्वतः अर्ज करता येत नाही. ज्या नातेवाइकाने मृत्यू कळवला, त्यानेच तो जिवंत असल्याचं कळवायला हवं. नमुना तोच चालेल, वर 'रद्द' लिहून पुन्हा भरायचा, सगळे रकाने.

आप लेथोने मागे वळून चेंचोकडे पाहिलं. गेली दोन वर्षं त्याने चेंचोकडे असं पाहिलं नव्हतं.

चेंचो खाली उतरला. टेबलाशी बसून त्याने पेन उघडलं. नाव: लेथो. वय: त्रेपन्न. गाव, तालुका. मृत्यूचं कारण या रकान्यात त्याने 'जिवंत' लिहिलं. मग व्यवसायाचा रकाना आला आणि त्याचं पेन थांबलं. मागे नऊ जण वाकून बघत होते. रकाना रिकामा ठेवणं त्याला शक्य नव्हतं, आणि खोटं त्याने आज पुरेसं लिहिलं होतं. त्याने कागद थोडा मागे, लेथोच्या बाजूला सरकवला.

लेथोने खांद्यावरून रकाना वाचला. निशाण्याचा एकही पट्टा नसलेल्या कमरेवर त्याने हात ठेवला.

"लिही," तो म्हणाला. "संघाचा चहावाला. आणि चहात मीठ किती घालायचं ते मला वाटेत सांग."